काळा धूर, काळे प्लग: कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी

शिमग्यापासून मांगरात उभी असलेली पद्मिनी किंवा ॲम्बेसिडर गणपतीच्या तोंडावर बाहेर काढली, की पहिल्या दोन दिवसांत ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. सायलेन्सरमधून काळा धूर, खळ्यात उभं राहवत नाही असा पेट्रोलचा वास, स्लोवर (रेस न देता) गाडी घुटमळते, रेस दिली की आधी गुदमरते आणि मग सुटते, अकरा-बाराचं ॲव्हरेज आठवर आलेलं. मग बोनेट उघडतं आणि स्क्रूड्रायव्हर थेट कार्ब्युरेटरवरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावरच्या, मिक्स्चरच्या स्क्रूवर जातो. निदान तिथेच चुकतं. तो स्क्रू फक्त स्लोवरचं मिश्रण ठरवतो. गाडी पन्नासच्या वेगाने रस्त्यावर धावते तेव्हा पेट्रोल मेन जेटमधून (मापाचं भोक असलेल्या पितळी तुकड्यातून) येतं, त्याच्याशी या स्क्रूचा जवळपास काही संबंध नाही.

त्यात आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. बहुतेक मेकॅनिक याला ‘हवेचा स्क्रू’ म्हणतात. मोटारसायकलच्या कित्येक कार्ब्युरेटरांवर तो खरोखरच हवेचा असतो: बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. या गाड्यांवरच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर उलटं आहे. थ्रॉटलच्या (रेस दिली की उघडणाऱ्या) पाकळीखाली, बुडाशी बसलेला हा स्क्रू पेट्रोल-हवेचं तयार मिश्रण सोडतो. आत घेतला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. दुचाकीवर हात बसलेला माणूस ‘हवा वाढवतो’ म्हणून तो बाहेर काढतो आणि गाडी आणखी काळी ओकते.

खरंच रिच (मिश्रण जाड) आहे का?

आधी प्लग काढा. चारही, आणि कोणता कुठला ते लक्षात ठेवून. टोकावर कोरडी, मऊ, चुलीवरच्या टोपाच्या बुडासारखी काजळी असेल तर मिश्रण जाड आहे. काळं पण ओलं आणि चिकट असेल, बोटाला तेल लागत असेल, तर दोष रिंगमध्ये किंवा वाल्व्हच्या गाइडमध्ये आहे. कार्ब्युरेटर उघडून काही मिळणार नाही. चारांपैकी एकच प्लग काळा असेल तरी कार्ब्युरेटर सोडा, कारण तो चौघांना एकच मिश्रण पुरवतो. त्या सिलिंडरचा प्लग, वायर, टॅपिट बघा.

खळ्यात दहा मिनिटं स्लोवर चालवून काढलेला प्लग काहीही दाखवतो. धावतं मिश्रण बघायचं तर स्वच्छ प्लग लावून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकाच रेसवर तीन-चार किलोमीटर जा, मग क्लच दाबून लगेच स्विच बंद करा आणि गाडी कडेला घ्या. किल्ली पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक असेल तर ते बसेल. कोकणात एवढा सपाट, सरळ, रिकामा रस्ता शोधणं हेच अर्धं काम. कातळसड्यावरचा रस्ता त्यासाठी उत्तम. असा काढलेला प्लग फिकट तपकिरी असेल आणि स्लोनंतरचा काळा, तर दोष स्लोच्या सर्किटमध्ये किंवा चोकमध्ये (थंड इंजिन सुरू करायला मिश्रण जाड करणाऱ्या सोयीत) आहे. उलट असेल तर मेन जेट, एअर करेक्शन जेट (मिश्रणात हवा सोडणारं) किंवा एअर क्लीनर. दोन्ही काळे असतील तर बहुतेक वेळा फ्लोट, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग. पुढची सगळी शोधाशोध या एका निरीक्षणावर चालते, म्हणून इथे घाई नको.

प्लग काळे पडायला मिश्रण जाडच असावं लागतं असं नाही. ठिणगी अशक्त असेल तर योग्य मिश्रणही अर्धवट जळतं आणि काजळी धरतं. खारी दमट हवा हे काम छान करते: डेल्कोच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपच्या आत ओलावा, कॅपवर केसासारखी काळी रेघ, पॉइंटवर करडा थर, प्लगच्या वायरच्या टोपीत हिरवा गंज. रात्री अंधारात इंजिन चालू करून बोनेट उघडा. वायरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरचा संच बदला. पॉइंटचा गॅप पद्मिनीला ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर, ॲम्बेसिडरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगचा गॅप साधारण ०.६. टायमिंगही बघून घ्या. ते मागे पडलं असेल तर स्लो टिकवायला रेसचा स्क्रू आवळावा लागतो, थ्रॉटलची पाकळी गरजेपेक्षा जास्त उघडी राहते, आणि मग मिक्स्चरचा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व्ह) आहे का तेही बघा. ‘इथल्या उकाड्यात कशाला हवा’ म्हणून तो काढून फेकलेल्या गाड्या कमी नाहीत. इंजिन ऐंशीच्या आसपास पोहोचलंच नाही तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतात, आणि चालवणारा चोक अर्धा ओढूनच हिंडतो. पावसाळ्यात तर हमखास.

ॲव्हरेज पडलंय पण प्लग चांगले तपकिरी आहेत? मग डिपस्टिक काढून वास घ्या. तेल पातळ झालं असेल, पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खूण सोडून वर गेली असेल, तर यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल सरळ इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी अजिबात चालवू नका. बेअरिंग जातील.

हवा आणि चोक

पुढचं काम उघड्यावर करा, पडवीत नको, आणि चूल-बंब पेटलेला असेल तिथे तर मुळीच नको. पेट्रोलचा कुठलाही भाग उघडताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात घ्या. बंद मांगरात इंजिन चालवून निदान करू नका; रिच गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो.

एअर क्लीनर काढून गाडी थोडी चालवून बघा. लगेच मोकळी झाली तर दोष सापडला. जांभ्याची तांबडी धूळ कागदी फिल्टर वर्षभरात भरून टाकते, आणि पावसात तीच धूळ ओली होऊन थापल्यासारखी बसते. झटकून, फुंकून पुन्हा लावू नका, नवा घाला. ऑइल-बाथ असेल तर खालचं भांडं रॉकेलने धुऊन खुणेपर्यंतच तेल भरा. जास्त भरलं तर तेलच आत ओढलं जातं. बंद राहिलेल्या गाडीत तोंडाच्या नळीत उंदराचा कोंडा किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर सापडणं नेहमीचंच. बोट घालून बघा.

मग चोक. केबलची आतली तार खाऱ्या हवेने गंजते. नॉब पूर्ण आत गेलेला दिसतो, पण कार्ब्युरेटरकडचा लिव्हर शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडकलेला असतो. केबल लिव्हरपासून सोडवा, लिव्हर बोटाने पूर्ण बंद करा, इंजिन चालवा. धूर गेला तर केबल बदला आणि लावताना दोन मिलिमीटर ढील ठेवा.

सोलेक्सच्या ज्या मॉडेलमध्ये वर चोकची पाकळी नसते, तिथे बाजूला एक छोटा स्टार्टर असतो: फिरती चकती, तिच्यात भोकं, आणि स्वतःचं वेगळं जेट. हा म्हणजे कार्ब्युरेटरला चिकटवलेला दुसरा कार्ब्युरेटरच. चकतीवर ओरखडे पडले किंवा तिची स्प्रिंग मेली, तर लिव्हर बंद असूनही तो पेट्रोल देत राहतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे. स्टार्टरचं घर सोडवा, त्याच्या मागे भोकं नसलेला पातळ गॅस्केट-कागद घालून पुन्हा आवळा, आणि गरम इंजिन चालवा. स्लो सुधारला तर चकती गळते. सपाट काचेवर १००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून चकतीची तोंडबाजू गोल-गोल हलकी घासा, धुवा, नवी स्प्रिंग घाला. ही चकती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि बिचाऱ्या जेटना बोल लागतो.

फ्लोटची पातळी

इथे वेळ द्या. चोक सोडला तर रिच गाड्यांतला मोठा वाटा इथलाच.

काही उघडण्याआधी एक चाचणी. एअर क्लीनर काढा, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, आणि टॉर्चने घशात बघा. मधल्या नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब येत नसला पाहिजे. मग पंपाला हाताने मारायचा लिव्हर असेल तर वीस-पंचवीस वेळा मारा. नळीतून पेट्रोल टपकायला लागलं तर मेकॅनिक ज्याला ‘कार्ब्युरेटर ओव्हर होतो’ म्हणतात ते हेच. वाटी भरल्यावर पेट्रोल आत सोडणारी सुई बंद व्हायला हवी, ती होत नाही. मात्र रिच होण्यासाठी नळी टपकायलाच हवी असं नाही. पातळी चार-पाच मिलिमीटर वर असली तरी मेन सर्किट वेळेआधी वाहायला लागतं आणि स्लो बिघडतो.

सुई न बसण्याचं पहिलं कारण कचरा. पेट्रोलमधलं इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा डिंकासारखा थर सोडवतं, तो सुईच्या बुडाशी येऊन बसतो. ते हवेतलं पाणीही धरून ठेवतं. चार महिने उभ्या गाडीत वाटीच्या तळाशी पाणी आणि कडेला पांढरी पूड दिसते, ती कार्ब्युरेटरच्या धातूचा गंज. वरचं झाकण काढा, वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात बघा. खाली वेगळा थर दिसला तर नुसती वाटी धुऊन भागणार नाही, टाकी रिकामी करावी लागेल.

दुसरं, सुई स्वतः झिजलेली. तिच्या निमुळत्या टोकावर नखाला लागेल असं कडं पडलं असेल तर सुई आणि बैठक जोडीनेच बदला. तपासायला झाकण उलटं धरा, सुई बोटाने अगदी हलकी दाबा आणि पेट्रोल येण्याच्या नळीतून फुंका. हवा जराही सुटता कामा नये.

तिसरं, फ्लोट. पितळी फ्लोट सांध्याला तडकतो, आत पेट्रोल भरतं, तो जड होतो आणि पातळी वर चढते. कानाशी हलवून बघा. आवाज येत असेल तर निकामी. येत नसेल तरी कडकडीत गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे निघाले तर भोक तिथेच. डाख लावता येतो, पण आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढून मगच, आणि डाखाचं वजन वाढलं की पातळी पुन्हा वर जाते. मिळत असेल तर नवा घ्या.

चौथं, सुईच्या बैठकीखालचं वॉशर. सोलेक्समध्ये पातळी बदलायची ती इथेच. जाड वॉशर घातलं की सुई खाली येते, लवकर बंद होते, पातळी उतरते. कोणीतरी दुरुस्ती करताना जुनं हरवलं म्हणून पातळ तांब्याचं घातलेलं असतं आणि गाडी तेव्हापासून रिच. तुमच्या कार्ब्युरेटरचा पातळीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, वॉशर अर्ध्या मिलिमीटरने बदलत मोजा. फ्लोटचा हात वाकवून पातळी जुळवायचा मोह टाळा. हात तिरका बसला की फ्लोट वाटीच्या भिंतीला घासतो आणि वळणावर अडकतो.

सगळं नवं घालूनही ओव्हर होत असेल तर पंपाचा दाब मोजा. साधारण अडीच ते साडेतीन पीएसआय पुरे. मूळ पंपाऐवजी इलेक्ट्रिक पंप बसवलेल्या गाड्यांत दाब सहा-सातवर जातो आणि चांगली सुईही उचलली जाते.

जेट

जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो: ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटरचं भोक. ते कधी तांब्याच्या तारेने, कधी सुईने साफ केलेलं असतं आणि हळूहळू मोठं होतं. १.१५ चं १.२० झालं तर डोळ्याला कळत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्के वाढतं. ड्रिलच्या मागच्या गुळगुळीत दांड्याने मापा: ११५ मध्ये १.१५ चा दांडा जेमतेम जावा, १.२० चा अडावा. अडत नसेल तर जेट बदला. मॅन्युअलमधला नंबर आणि गाडीतला नंबर जुळतो का तेही याच वेळी बघा. ‘पिकअपसाठी’ मोठं जेट घातलेलं सापडतं.

एअर करेक्शन जेटचा हिशोब उलटा. ते मोठं झालं तर मिश्रण पातळ, चोंदलं तर जाड, आणि तेही वरच्या रेसवरच. स्लोच्या हवेचं बारीक भोक चोंदलं तर स्लो रिच होतो. साफ करायला कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे आणि गरवायची तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), ०.३ मिलिमीटरची सहज जाते आणि पितळेला ओरखडत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारण्याआधी फ्लोट आणि ॲक्सिलरेटर पंपाचा (रेस देताच जादा पेट्रोल मारणाऱ्या) डायफ्राम काढून ठेवा.

ॲक्सिलरेटर पंपाची बारीक नळी स्थिर रेसवर कोरडी हवी. इंजिन एका वेगावर असताना तिच्यातून पेट्रोल झिरपत असेल तर आतली गोळी बसत नाही किंवा मागच्या वेळी जोडताना हरवली आहे.

आता स्क्रू

इंजिन वीस मिनिटं चालवून गरम करा, एअर क्लीनर जागेवर लावा. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत घेत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. पूर्ण आत गेल्यावर इंजिन बंद पडायला हवं. पडत नसेल तर पेट्रोल दुसरीकडून येतंय. मागे जा, चोक, फ्लोट आणि थ्रॉटलची पाकळी पुन्हा बघा. जोर लावून आवळू नका, टोकावर कडं पडतं आणि मग तो स्क्रू कधीच नीट लागत नाही.

इंजिन बंद पडलं तर दीड फेरा बाहेर काढून सुरू करा. रेसच्या स्क्रूने स्लो ७०० ते ८०० आरपीएमवर आणा. मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या, इंजिन अडखळायला लागेपर्यंत. मग आवाज एकसारखा होईपर्यंत बाहेर. रेस वाढली असेल ती कमी करा आणि पुन्हा तेच. दोन-तीन आवर्तनांत जागा सापडते.

कानावर भरवसा नसेल तर पीयूसीवाल्याकडे जा आणि पावती फाडण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघायला सांगा. या पिढीच्या गाड्यांना मर्यादा ३ टक्के आहे. दोन-अडीचला गाडी छान चालते. पाचच्या वर म्हणजे अजून काहीतरी राहिलंय. एकच्या खाली ओढून पास करून देणारेही असतात. तशी गाडी घाटात तापते.

जुन्या ॲम्बेसिडरवर एसयू कार्ब्युरेटर आढळतो. त्याला हा स्क्रूच नाही, खाली जेटचा नट असतो: वर आवळला की पातळ, खाली सोडला की जाड. चाचणी सुंदर आहे. इंजिन स्लोवर असताना कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर रिच, इंजिन मरायला लागलं तर लीन (पातळ), किंचित वाढून जागेवर आली तर बरोबर. यात चोक ओढला की जेटच खाली सरकतं, आणि गंजामुळे ते वर परतत नाही. जेटला बोटाने वर ढकलून बघणं हे पहिलं काम. जेटचं भोक लांबट झालं असेल तर जेट आणि त्यात हलणारी सुई (फ्लोटची नव्हे) दोन्ही बदला.

हवामान, घाट आणि तेल

पावसाळ्याच्या दमट हवेत वाफ ऑक्सिजनची जागा घेते, त्यामुळे मिश्रण दोन-तीन टक्के जाड होतं. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. सावंतवाडीहून वर चढेपर्यंत आणखी तीन-चार टक्के. धड गाडीला हे जाणवत नाही. मालवणात काठावर असलेली गाडी मात्र आंबोलीच्या धुक्यात हमखास गुदमरते, आणि खाली उतरल्यावर आपोआप बरी होते. तिला खाली येऊनच सेट करा. उलट कोल्हापुरात सेट करून आणलेला कार्ब्युरेटर किनाऱ्यावर थोडा लीन वाटेल, तेव्हा स्लो इथे पुन्हा बघून घ्यावा.

इथेनॉलबद्दल गैरसमज आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पेट्रोल-हवेचं प्रमाण १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास लागतं, म्हणजे त्याच जेटवर गाडी लीन व्हायला हवी. तरीही काळी ओकत असेल तर दोष पेट्रोलच्या माथी मारू नका, तो वरच्यापैकीच कुठेतरी आहे.

दोष काढल्यावर इंजिन ऑइल बदला. महिनाभर रिच चाललेल्या गाडीच्या तेलात पेट्रोल मुरलेलं असतं, ते गरम झालं की त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून पुन्हा एअर क्लीनरमध्ये येते आणि सगळं दुरुस्त करूनही गाडी रिचच वाटते. तेल, फिल्टर, चार स्वच्छ प्लग, आणि मग दोनशे किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढून बघा.